अर्धा कोयता

बायकोच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा जुना मुकादम भेटायला आला. ज्याच्या टोळीत आमी दोघांनी उभी जवानी ऊस तोडला, तोच. ओट्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, चहाचा घोट घेतला अन् तोंडाला आलं ते बोलला, "आता अर्धा कोयता राहिलास बे तू."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला, चहा अंगणात ओतला अन् म्हणलं, "ऊठ."

उठला. टोपी झटकून डोक्यावर घातली अन् गेला. आपलं काही चुकलं असं त्याला वाटलं न्हाई, अन् खरं बघितलं तर चुकलंबी न्हवतं. आमच्या बीडकडं ऊसतोडीला माणसं मोजीत न्हाईत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा बुडातून ऊस घेतो, बायको पाचट काढती, मोळी बांधती, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवती. टोळीत नाव एकच लागतं, ते नवऱ्याचं. एकटा गडी आला तर मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणतो अन् दुसरा अर्धा कुठून जोडायचा ते बघतो. म्हणून तर आमच्याकडं कारखाने सुरू व्हायच्या आधी घाईघाईत लग्नं लागतात. माझंबी तसंच लागलं. मुकादमाला एक कोयता कमी पडत होता, माझ्या बापाला तेलगावात एक स्थळ ठाऊक होतं. तिला मी पहिल्यांदा नीट बघितली ती फडात, अन् तवाबी तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं.

मुकादम खरं बोलला म्हणूनच मला राग आला. खोटं बोलला असता तर चहा पिऊ दिला असता.

बाकीचे आले तेबी काही कमी न्हवते. एकजण म्हणला, सवाष्ण गेली, भाग्याची. भाग्याची होती तर अजून चार वर्षं बसली असती माझ्याशी भांडत. दुसरा म्हणला, त्रास न्हाई झाला, सुटली. श्रावणातली गोष्ट. सकाळी धुणं घेऊन शिळेवर बसली, मी आतून पाण्याची बादली घेऊन आलो तवर आडवी झालेली. सुटली म्हणजे काय, कोणी बांधलं होतं तिला? मी कोणाला बस म्हणलं न्हाई. मग लोकांनी येणं कमी केलं. बरं झालं.

पोरगा पुण्याकडं चाकणला कंपनीत हाय. सूनबी तिकडंच दुसऱ्या कंपनीत, माणसं कामावर घ्यायच्या खात्यात. पितृपंधरवड्यात दोघं पुन्हा आले. पान वाढून झालं, कावळा शिवला, अन् हात धुतल्या-धुतल्या पोरानं विषय काढला.

"आण्णा, आता घराला कुलूप लावू. तुमी आमच्याकडं चला."

"मी काय ट्रंक हाय का, उचलून न्यायला?"

"एकटे कसे राहणार? भाकरी येते का तुमाला?"

मला भाकरी येत न्हाई. 

"आई पडली तवा तुमी होता," तो म्हणला. "तुमी पडल्यावर कोणाला कळणार? कुत्र्याला?"

हे बोलताना तो माझ्याकडं बघत न्हवता. मीबी त्याच्याकडं बघितलं न्हाई. आमच्यात तशी रीतच न्हाई.

त्याच्या घरी मी एकदा आठवडाभर राहिलेलो हाय. चौथा मजला. खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी, तीबी बंद. शेजारी कोण राहतो ते पोराला ठाऊक न्हाई. जिना चढायला गुडघे नको म्हणतात म्हणून लिफ्ट. मी मेल्यावर त्या लिफ्टात आडवा मावणार न्हाई, उभा नेतील. अन् इकडं हे घर. त्यात काय ठेवलंय म्हणून सगळे विचारतात. ती ठेवलीय. शिळा हाय, चूल हाय, तिनं दाराला बांधलेली सुतळी हाय. कडी लागत न्हाई म्हणून बांधली होती. मी कडी बसवतो म्हणत राहिलो अन् ती सुतळी बांधत राहिली. आता कडी बसवणार न्हाई.

म्हणून मी म्हणलं, "मी काम धरतो. रोज चार माणसं तोंड बघतील असं काम. दुपारची भाकर तिथं मिळंल असं. मग तर झालं?"

पोरगा हसला. "या वयात? कोण देतंय?"

"लागलं तर?"

"लागलं तर राहा. मी एक शब्द बोलणार न्हाई. दसऱ्यापर्यंत न्हाई लागलं तर मी गाडी घेऊन येतो, अन् तुमी गुमान बसायचं."

"बसतो."

असा तो करार झाला. मी बोलून बसलो खरं, पण काम कुठलं धरणार? शेतात आता माझ्याच्यानं वाकवत न्हाई, अन् दुसरं काही मी जन्मात केलेलं न्हाई.

आमच्यापासून नांदूरघाटाच्या वाटेनं गेलं की एक नवा गुळाचा कारखाना निघालाय. गुळाची भुकटी करून पोत्यात भरतात. दसऱ्याला बॉयलर पेटायचा होता. तिथं यार्डात गाड्या नंबरानं लावायला, कोणी मधी घुसला तर त्याला मागं सारायला एक माणूस पाहिजे, असं मला टपरीवर कळलं. पण मालकानं बाहेरून मॅनेजर आणलेला. तो म्हणं चपराशालाबी बायोडाट्याचा कागद मागतो अन् समोर बसवून विचारतो, तुमी आजवर काय करून दाखवलं?

काय करून दाखवलं. डोंबारी हाय का मी?

पण सुनेनं हे ऐकलं अन् लगेच बॅगेतून लॅपटॉप काढला. ती माझ्यावर माया करती असं कोणी समजू नये. मी तिच्या घरात नको होतो, मलाबी तिच्या घरात जायचं न्हवतं. आमचं दोघांचं जन्मात एवढ्या एकाच गोष्टीवर पटलं. तिनं ओट्यावर चटई टाकली, मला समोर बसवलं अन् विचारायला लागली, अगदी तिच्या हाफिसात विचारत आसंल तशी.

"मामा, तुमची कामगिरी सांगा."

"ऊस तोडला."

"ते काम झालं. कामगिरी म्हणजे त्यातून निष्पन्न काय झालं?"

"साखर."

पोरगा आत हसला. ती हसली न्हाई. "मामा, तुम्ही चेष्टा करताय. असं करू. तुम्ही नसता तर काय झालं नसतं, ते सांगा."

मी खरोखर विचार केला. म्हणलं, "काहीच न्हाई. दुसऱ्यानं तोडला असता."

"असं मुलाखतीत बोलू नका."

"खरं तेच सांगतो."

"खरं सांगा, पण चांगल्या बाजूनं सांगा. इतरांपेक्षा तुम्ही काय जास्त केलं? कोणी कौतुक केलं असेल, बक्षीस दिलं असेल."

बक्षीस. फडात बक्षीस देतात का काय. तरी मला आठवलं, आमचा कोयता टोळीत सगळ्यात आधी आपल्या वाट्याच्या सऱ्यांची पात लावायचा अन् आधी उरकायचा. मुकादम नव्या जोड्यांना आमच्या मोळ्या दाखवायचा, बघा, अशी बांधा, चढवताना एक कांडं सांडायचं न्हाई. ते सांगितलं. तिची बोटं टकाटक चालायला लागली.

"सर्वाधिक वेगवान तोडणी. उत्कृष्ट मोळी बांधणी." तिनं वाचून दाखवलं.

"थांब," म्हणलं. "मोळी तुझी सासू बांधायची."

"आणि तोडणी तुमची."

"ती मागं पाचट काढत यायची म्हणून मी पुढं सरकायचो. ती अडली की मी अडायचो. पहिल्या बाळंतपणात ती घरी राहिली अन् मला दुसऱ्याच्या बहिणीसोबत जोडला, त्या साली आमची पात सगळ्यात मागं."

"मग त्यातला तुमचा वाटा किती म्हणायचा?"

"वाटा?"

"म्हणजे एकूण कामात तुम्ही स्वतः काय केलं, ते वेगळं काढायचं."

मी तिच्याकडं बघत राहिलो. पीठ मळल्यावर पाणी वेगळं काढ म्हणावं तसं. पण तिचंबी काय चुकलं. तिच्या हाफिसात प्रत्येकाची खुर्ची वेगळी.

"असं लिहू," ती म्हणली. "टीममध्ये काम करण्याचा दीर्घ अनुभव."

"ती टीम न्हवती. बायको होती."

"मामा, शब्दाला अडून बसू नका. तुम्हाला इथं राहायचंय की नाही?"

 तिला माझी नस सापडली होती.

मग तिनं विचारलं, यार्डातलं काही आहे का. काम यार्डाचं आहे तर तिथलंच काही पाहिजे. अन् मला ते चुलीचं आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलोच कवा होतो. पण सांगितलं ते तिला पहिल्यांदाच. पोरालाबी ठाऊक न्हवतं. त्या साली तो तेलगावला आजोळी होता.

तवा आमी खाली सांगलीकडच्या एका कारखान्यावर बैलगाडी घेऊन गेलतो. गाड्या यार्डात रांगेनं लागायच्या. आपला नंबर येईपर्यंत वजनकाट्यावर जाता यायचं न्हाई, अन् जवर ऊस उतरत न्हाई तवर दुसरी खेप न्हाई. त्या दिवशी एक गाडीवान आला. अंगानं दणकट, यार्डात त्याच्या ओळखीचे लोक. त्यानं बाजूनं आणून आमच्या बैलांपुढं गाडी तिरकी घातली. मी म्हणलं, मागं घे. तो म्हणला, न्हाई घेत, काय करशील बे. आमच्या टोळीतले गडी धावले, त्याचेबी चौघं आले, चाबकाच्या काठ्या निघाल्या. असल्या वेळी डोकी फुटतात अन् ऊस तिथंच राहतो.

ही माझी बायको मागं गाडीच्या सावलीला भाकरी टाकत होती. तिनं तवा उतरवला, एका हातात तव्यासकट परात, दुसऱ्या हातात जळतं लाकूड, अन् चालत पुढं आली. त्याच्या बैलांच्या तोंडापुढं तीन दगड मांडले, विस्तव केला अन् मांडी घालून बसली पीठ मळत.

"ए बाई, बाजूला हो," तो म्हणला.

"भाकरी टाकलीय. झाली की होते."

"कवा होणार?"

"पीठ सरल तवा."

गडी हसायला लागले. विस्तवापुढं बैल जाईनात, मागं रेटायला लागले. बाईमाणसाच्या चुलीला लाथ मारायची त्याची हिंमत होईना, तेवढ्या माणसांत त्याची इज्जत गेली असती. तिचं पीठ संपत आलं तशी दुसरी एक बाई आली, तिनं आपलं पीठ परातीत टाकलं. म्हणली, "माझ्याबी टाक गं चार." मग तिसरी आली. सगळ्या यार्डाचं पीठ तिथं गोळा झालं. ती गुमान थापत राहिली, मान वर केली न्हाई. तो माणूस दिवस कलल्यावर गाडी वळवून मागं गेला. मग तिनं तवा उचलला, विस्तवावर पाणी टाकलं अन् मला म्हणली, "बघता काय, हाकला." सगळं आयुष्य तिनं मला असंच हाकललं.

सुनेनं सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणली, "आणि तुम्ही तेव्हा काय करत होता?"

"मी? मी बैल धरून उभा होतो."

"ते लिहिण्यासारखं नाही," ती म्हणली अन् पुन्हा बोटं चालली. मग वाचलं: "यार्डातील गंभीर वाद एकट्याने, शांततेने मिटवला."

"कोणी?"

"तुम्ही."

"मी न्हाई मिटवला. तिनं मिटवला. खोड."

"मामा, यार्डाच्या कामाला हाच एक पॉइंट आहे. बाकी सगळं तुम्हीच सासूबाईंच्या नावावर टाकलंत. सासूबाई कुठं नोकरी मागायला जाणार आहेत आता?"

आतून पोरगा म्हणला, "अगं, जरा बघून बोल." ती म्हणली, "मी यांच्याच भल्याचं बोलतेय."

मी उठून गोठ्यात गेलो. गोठ्यात आता बैल न्हाईत, तिच्या दोन शेळ्या हायेत, त्यांच्यापुढं पाला टाकला. रागात होतो. पण राग कशाचा ते सांगतो. ती बोलली त्याचा न्हवता. मला कळत होतं की ती ओळ राहिली तर मी या घरात राहतो अन् खोडली तर लिफ्टात जातो, त्याचा होता. माघारी आलो अन् म्हणलं, "राहू दे."

"मुलाखतीत फक्त हो म्हणा," ती म्हणली. "जास्त बोलू नका. तुमचं जास्त बोलणंच नडतं."

केजला जाऊन कागद छापून आणला. गुळगुळीत कागद, वर माझं नाव ठळक. मी चौथी शिकलोय, वाचता येतं. पण वाचला न्हाई. दुमडून खिशात घातला.

मुलाखतीच्या दिवशी एसटीत मी सगळ्या वाटेनं मनाला सांगत होतो, हो म्हणायचं. मेलेलं माणूस उठून येत न्हाई. ती असती तर म्हणली असती, घ्या की तुमच्या नावावर, माझं काय जातंय. आजवर सगळं माझ्याच नावावर लागलं, टोळीत, गाडीवर, रेशनला. तिनं कवा तोंड वाकडं केलं न्हाई. मग ही एक ओळ कावून जड जाती?  तरी मी हो म्हणणार होतो. हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण पुढं जे झालं त्याच्यावरून कोणी मला हरिश्चंद्र ठरवू नये.

कारखान्यावर एका खोलीत पंखा फिरत होता अन् मॅनेजर बसला होता. पोराच्या वयाचा. बूट चकचकीत, मोबाइल पालथा ठेवलेला, दर थोड्या वेळानं उलटा करून बघायचा. माझ्या आधी दोघं-तिघं जाऊन आले होते. एकजण बाहेर येऊन म्हणला, "काय बी विचारतो राव, मी म्हणलं मी लई काही केलंय, तो म्हणला एक सांग, मला एकबी आठवंना."

मी आत गेलो. बसा म्हणला, बसलो.

"वय?"

"आसंल पासष्टीच्या पुढं."

"तब्येत?"

"दिसती ती."

त्यानं कागद बघितला. वेगवान तोडणी वाचली, दीर्घ अनुभव वाचला, ओठ न हलवता. मग बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "यार्डातील गंभीर वाद एकट्याने, शांततेने मिटवला. हे तुमचं?"

मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. पण त्यानं 'एकट्याने' असं ज्या रीतीनं वाचलं, ते माझ्या कानात राहिलं. श्रावणापासून जो येतो तो मला तेच सांगत होता. पोरगा तेच म्हणत होता, मुकादम तेच बोलून गेला. आता एकटा हायेस. हाय ना. पण तवा न्हवतो. तवाचं तरी मला एकटं करू नका.

"न्हाई," म्हणलं.

"म्हणजे?"

"ते माझ्या बायकोनं मिटवलं."

"मग इथं तुमचं नाव कसं?"

"सुनेनं लिहिलं. मी राहू दिलं."

"बायको कुठंयत?"

"मेली. श्रावणात."

त्यानं खुर्चीत पाठ टेकली. वाईट वाटलं, असं म्हणला न्हाई, त्याबद्दल मी त्याचा आजबी आभारी हाय. उलट चिडला. "बाबा, माझा वेळ जातोय. इथं तुमची कामगिरी पाहिजे. बायकोनं वाद मिटवला, मग तुम्ही तेव्हा काय करत होता?"

सुनेनं विचारलं होतं तोच सवाल. मी तेच सांगितलं. "बैल धरून उभा होतो."

"मधी पडला नाहीत?"

"पडून काय करू? माझे बैल तिच्या पाठीशीच होते. पुढं विस्तव, चौफेर आरडाओरडा. कासरा सोडला असता तर बुजून तिच्यावरच गेले असते."

"आणि तो माणूस? तो गप्प होता?"

"तो तिला काही करू शकत न्हवता, म्हणून मला करत होता. आईवरून शिव्या घालत होता. त्याच्यातल्या एकानं पाठीत काठी घातली."

"मग?"

"मग काय. हातात कासरा होता."

त्यानं मोबाइल उलटा केला, बघितला, पुन्हा पालथा ठेवला. "यार्डाला तुम्ही चालणार नाही," म्हणला. "तिथं बोलका, वाद घालणारा माणूस पाहिजे."

"बरं," म्हणलं अन् उठलो. मनात म्हणलं, झालं, लिफ्ट आली. कागद त्याच्यापुढंच पडला होता, तो उचलावा का न्हाई ते कळंना.

"बसा की. मी उठा म्हणलं का?"

बसलो.

"फाटकावर दोर आहे. एक गाडी आत सोडायची, दोर खाली घ्यायचा, आतून खूण आली की वर करायचा. बाकी काही नाही. मशिनरीच्या गाड्या येत होत्या तेव्हा चार दिवस एक पोरगा ठेवला होता. कोणी हाक मारली की दोर सोडून चहाला जायचा, गाड्या घुसायच्या. सोडून जायचं नाही, एवढंच काम आहे. लोक शिव्या देतील."

"शिव्यांचं सांगत न्हाई. मी परत देईन."

"द्या. पण दोर धरून द्या." मग कागदावर काही खरडत म्हणला, "दुपारचं जेवण मेसमधे मिळतं. बॉयलर पेटल्यावर या."

सुनेनं जे लिहिण्यासारखं न्हाई म्हणलं, त्याच्यावर काम लागलं, असं कोणाला वाटंल. तसं काही न्हाई. त्याला खुंट पाहिजे होता, मी खुंट निघालो. मला आनंदबी झाला न्हाई. एसटी येईपर्यंत फाट्यावर उभा होतो, तिथं हॉटेलात भजी तळत होते, मी दोन चहा सांगितले अन् दुसरा तसाच ठेवून उठलो. त्यानं हाक मारली, बाबा, चहा राहिला. म्हणलं, राहू दे.

संध्याकाळी पोराला फोन लावला. काम लागलं म्हणलं. तो म्हणला, "हंगामापुरतंच हाय ना ते? हंगाम संपल्यावर बघू."

"एक शब्द बोलणार न्हाईस म्हणलास."

"न्हाई बोलत." अन् फोन सुनेकडं दिला.

"मामा, मी म्हटलं होतं ना, ती ओळ उपयोगी पडेल."

"ती ओळ मी खोडली."

"मग यार्डाचं काम नाही मिळालं?"

"फाटकाचं मिळालं. दोर धरायचं."

"त्यापेक्षा ते चांगलं होतं," ती म्हणली. मग आवाज न बदलता म्हणली, "भाकरीचं काय करणार आहात रात्री?"

"थापीन."

"पीठ ऊन पाण्यात मळा. सासूबाई तसंच मळायच्या. नाहीतर कडा फाटतात."

मला ठाऊक हाय, म्हणलं अन् फोन ठेवला. ठाऊक न्हवतं.

आता हंगाम सुरू हाय. सकाळी पहिल्या एसटीनं जातो. दोर म्हणजे जाड काथ्याचा सोल, एक टोक खांबाला, एक माझ्या हातात. ट्रॅक्टर येतात, बैलगाड्या येतात. ट्रॅक्टरवाले पोरं गाणी लावून भोंगा वाजवत राहतात. मी ऐकू येत न्हाई असं दाखवतो. बैलगाडीवाला आला की मागं मोळ्यांवर बाई बसलेली असती, तोंडाला फडकं. मी तिकडं बघत न्हाई. दोर वर करतो, खाली घेतो.

मागल्या आठवड्यात आमचा मुकादम आला, त्याच्या टोळीच्या गाड्यांसोबत मोटारसायकलवर. मला बघून थबकला.

"तू बे? इथं?"

"दिसतोय ना."

"दोर वर कर. माझ्या गाड्या हायेत."

"नंबर येऊ दे."

"आरं, उभा जलम माझ्या टोळीत काढलास अन् मला थांबवतो?"

"जलम काढला म्हणून तर. थांब."

त्यानं शिव्या दिल्या. मीबी दिल्या, दोर धरून. त्याच्या मागं गाडीवर एक नवी जोडी होती, लग्न यंदाचंच आसंल, पोरगी तोंड दाबून हसत होती. खूण आली तवा दोर वर केला. जाता-जाता तो म्हणला, "चहा पाजशील का आता तरी?" मी दोर खाली घेतला. पण दुपारी मेसमधी तो दिसला तवा मी त्याच्या समोरच्या बाकावर बसलो. जेवण उरकेस्तोवर तिथंच बसलो.

रात्री भाकरी थापतो. कडा फाटतात अजून, पाणी ऊन घेतलं तरी. शेळ्या हायेत, शिळा हाय, दाराला सुतळी हाय. हंगाम संपला की पोरगा पुन्हा विषय काढणार, ते ठरलेलंच हाय. तवाचं तवा बघू.

संध्याकाळी निघताना हजेरीवाला नाव पुकारतो अन् खूण करतो. एक माणूस, पुरा दिवस. इथं मला पुरा धरतात. त्यांची चूक हाय ती, पण मी सांगायला गेलो न्हाई.